खोट्या टाचण्यांचा नकाशा

रोसॉय, मार्चअखेर

प्रिय आस्लाक,

पत्र बघून दचकू नकोस. बाबा ठणठणीत आहेत, होडी शाबूत आहे आणि छपराचा तो सैल कोपरा या हिवाळ्यातही उडाला नाही. मी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. बसून कसली, दर चार ओळींनी उठते आहे. एकदा कॉफी बघायला, एकदा खिडकीशी, एकदा नुसतीच. नैर्ऋत्येचा वारा सुटलाय, होडी काढायची सोय नाही आणि बाबा टेबल आणि दार यांच्यामध्ये येरझाऱ्या घालताहेत. थोड्या थोड्या वेळाने थांबून विचारतात, "झालं का गं?" मी म्हणते, "अजून नाही." "एवढं काय लिहितेस? चार शब्द तर सांगितले होते." "चार वर्षांनी पत्र लिहायचं तर ख्यालीखुशाली नको का लिहायला?" यावर ते फुरफुरतात आणि पुन्हा दाराकडे वळतात. तेव्हा तू सावकाश वाच, मला मात्र घाईनेच लिहावं लागणार.

तर ख्यालीखुशाली. मोन्सकाका अजून रोज अकराच्या कॉफीला येतात. या दोघांची चुरस आपल्या जन्माआधीपासूनची. एकमेकांना भेटल्याशिवाय दिवस जात नाही आणि मासे कुठे मिळाले हे एकमेकांना आजवर एकदाही खरं सांगितलेलं नाही. काल मोन्सकाका खिडकीतून खाडीपलीकडच्या तुमच्या कंपनीच्या टाक्यांकडे बघत म्हणाले, "परत वायूचं जहाज लागलंय. कुठलं रे, इंगेब्रिक्ट?" बाबा म्हणाले, "जर्मनांचं असेल." "म्हणजे बघ, बिअर प्यायची त्यांनी आणि ढेकर जिरवायचा आपल्या समुद्राने!" दोघं इतके हसले की कॉफी सांडली. हाच विनोद त्यांनी डॅनिश जहाजावरही केला होता, फक्त बिअरच्या जागी डुकराचं मांस होतं. हसतात खरे, पण जहाज दिसेनासं होईपर्यंत मोन्सकाका खिडकी सोडत नाहीत.

समुद्राखालच्या पाइपसाठी झालेल्या त्या पहिल्या सभेची हकीकत तुला कुणी धड सांगितली नसणार. तू बर्गनला ऑफिसात बसून समुद्राखालचे खडक तपासत होतास, आणि इथल्या कुणाला तुला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. गावच्या सभागृहात भिंतभर समुद्राचा नकाशा लावला होता. महिला मंडळाच्या बायकांनी वाफल भाजले होते, वर तपकिरी चीज. कंपनीची सिल्ये नावाची मुलगी आली होती, बोलायला गोड. तिने प्रत्येकाच्या हातात लाल डोक्याची टाचणी दिली आणि म्हणाली, "तुम्ही जिथे मासे धरता तिथे टोचा. आम्ही पाइप ती जागा टाळून नेऊ." किती सरळ गोष्ट! पण रोसॉयच्या माणसाला मोन्सकाकांच्या देखत आपली जागा दाखव म्हणणं म्हणजे भर चर्चमध्ये कपडे काढ म्हणण्यासारखंच. बराच वेळ सगळे वाफल चघळत बसले. मग बाबाच उठले. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! ते गेले आणि त्यांनी टाचणी अशा जागी टोचली जिथे आजोबांच्या काळापासून एका फाटक्या बुटाशिवाय काही गळाला लागलेलं नाही. मोन्सकाकांनी गंभीरपणे मान हलवली आणि स्वतःची टाचणी फेरीबोटीच्या वाटेवर टोचली. मग सगळेच उठले. नकाशा लाल झाला आणि त्यात एकही टाचणी खरी नव्हती. सिल्येने सगळ्यांचे मनापासून आभार मानले. आणि पुढचं ऐक. दोन दिवसांनी मोन्सकाका बाबांच्या टाचणीवर दिवसभर गळ टाकून बसले, आणि बाबा त्यांच्या टाचणीवर. संध्याकाळी दोघं रिकाम्या हातांनी धक्क्यावर भेटले आणि हवापाण्यावर बोलले.

कंपनीने शब्द पाळला, हे मला मान्य करायलाच हवं. पाइप प्रत्येक टाचणीला इतका जपून वळसा घालत गेला की नकाशावर तो नागमोडी दिसतो. आणि वळसे घेत घेत तो नेमका लोकांच्या खऱ्या जागांवरून गेला. बाबांच्या दोन जागा, धाकटी आणि थोरली, हे तुला ठाऊकच आहे. नावं सगळ्या बेटाला ठाऊक आहेत, ठिकाण कुणाला नाही. त्यातली धाकटी गेली. पाइपवर दगडांची रास घातली, आता तिथे दोर सोडला की गळ अडकून तुटतात. बेटावर महिनाभर सगळे तणतणत होते, पण तक्रार एकानेही केली नाही. करणार कशी? तक्रार करायची तर आपली जागा नक्की कुठे होती ते सांगावं लागणार.

त्याच नाताळात तू आला होतास. आईच्या पद्धतीने मी वर बदामाच्या मार्झिपानचा थर दिलेला केक केला होता, आणि तू सुरी हातात घेऊन बाबांना समजवायला लागलास. की खालचा केक म्हणजे सच्छिद्र वाळूचा दगड, सिमेंटच्या कारखान्यांचा तो कार्बन डायऑक्साइड वायू थंड करून, दाबून, पातळ करून त्याच्या बारीक बारीक भोकांत भरायचा. आणि वरचा मार्झिपानचा थर म्हणजे चिकणमातीचा खडक, त्यातून काही वर येत नाही, हजारो वर्षं येणार नाही. छान समजावलंस, मलाही तेव्हाच पहिल्यांदा कळलं. बाबा म्हणाले, "आणि कुणी सुरी घातली की?" तू हसून म्हणालास, "बाबा, अडीच हजार मीटर खाली कोण सुरी घालणार?" "जो पाइप घालतो तो." मग आवाज चढले, धाकटीचं नाव निघालं, तू म्हणालास की खरी टाचणी टोचली असती तर धाकटी आज असती, आणि तू पहिल्या बोटीने गेलास. तू म्हणालास ते खरं होतं, आस्लाक. म्हणूनच त्यांना इतकं लागलं. तेव्हापासून घरात तुझं नाव निघत नाही. पण रोज सकाळी रेडिओ लावला की आधी बर्गनचं हवामान ऐकतात, मग आपलं. "तिकडे पाऊस आहे," असं मला सांगतात. बर्गनला पाऊस कधी नसतो? तरी रोज सांगतात.

मी कुणाच्या बाजूची, ते मात्र मला विचारू नकोस. आपल्या लहानपणी फेब्रुवारीत कॉड मासा दाराशी यायचा, आता त्याला शोधत उत्तरेकडे लांब जावं लागतं. ऑगस्टमध्ये पाण्यात हात घातला तर पूर्वीसारखी बोटं बधिर होत नाहीत. नको ते मासे येतात, हवे ते येत नाहीत. तेव्हा तो धूर कुठेतरी गाडायलाच हवा हे मला पटतं. सिमेंट मलाही लागतं, या घराच्या पायातही तेच आहे. आणि मग वाटतं, गाडायला सगळ्या युरोपाला माझंच अंगण सापडावं का? सकाळी एक पटतं, जेवणानंतर दुसरं. हल्ली मी भांडीसुद्धा धड घासत नाही, मध्येच सोडून धक्क्यावर जाऊन येते.

फेब्रुवारीत सिल्ये घरी आली होती. दुसरा पाइप येतो आहे हे तुला माझ्याआधी ठाऊक असणार. मार्ग ठरवणं तुझ्याकडे नसतं हेही मला ठाऊक आहे, तेव्हा तो राग तुझ्यावर नाही. तिने टेबलावर नकाशा पसरला. बाबांनी त्याकडे मान वळवलीच नाही. म्हणाले, "कागद काय दाखवतेस, तोंडाने सांग." ती म्हणाली, "दीपगृहाच्या दक्षिणेने निघतो आजोबा, मग लांब उथळ पट्ट्याच्या कडेकडेने, आणि तिथून सरळ पश्चिमेला." बाबांचा कप बशीवर वाजला. मला कुणी आणखी काही सांगायची गरज उरली नाही. थोरली. सिल्ये हुशार आहे, तिलाही तो कप ऐकू आला. म्हणाली, "आजोबा, तिथे काही असेल तर या वेळी खरं सांगा. ईस्टरनंतरच्या गुरुवारी शेवटची सभा. त्यानंतर ती रेघ हलत नाही." बाबा म्हणाले, "गुरुवारी आम्ही बटाट्याचे गोळे खातो." ती म्हणाली, "सभेतच ठेवू. खारवलेल्या मटणासकट." बाबांना ती आवडली आहे, ते कबूल करणार नाहीत. पण थोरली गेली तर काय होईल ते तुला सांगते. वर्षाची निम्मी कमाई ती देते. वसंतात दाराच्या फळीएवढा हॅलिबट तिथूनच निघतो. ती दगडांखाली गेली तर मला होडी विकून शाळेच्या स्वयंपाकघरात काम मागावं लागेल, आणि बाबा खिडकीशी बसतील.

तू म्हणशील, मग सांगून टाका ना ठिकाण. पण ते आकड्यांत कुणाला ठाऊक आहे? चर्चचा कळस कुठल्याशा टेकडीमागून बाहेर आला, आणि त्याच वेळी दुसरीकडे कुठला तरी दगड कुणाच्या तरी होडीघराशी जुळला, की खाली थोरली. कुठली टेकडी, कुठला दगड, ते बाबांच्या डोक्यात. आजोबांनी त्यांना होडीत सांगितलं, तिथेच, त्या पाण्यावर, आणि खूण द्यायची तर तशीच देतात. दीपगृह ओलांडलं की बाबा नकाशाचं यंत्र बंद करतात, म्हणजे वाट त्यात उमटायला नको. आणि मला म्हणतात, "योरून, आता आमिष लाव." म्हणजे काय ते तुला कळलं का? म्हणजे पाठ फिरव. एकोणीस वर्षं मी त्या जागी मागच्या टोकाला, पेटीत तोंड घालून गळाला बांगड्याचे तुकडे लावत आले आहे. दोर किती खोल जातो ते माझ्या हाताला ठाऊक आहे, तिथे लाट होडीला कुठून धक्का देते ते पायाला ठाऊक आहे. बाबांचं लक्ष नसताना एकदा मान वर केली असती, किंवा यंत्राचं बटण दाबलं असतं, तर झालं असतं. मी केलं नाही. तुला ते भाबडेपणाचं वाटेल. पण मला दिलेली नाही ती गोष्ट मी चोरून घेणार नव्हते. मी तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी, तू खाडी ओलांडतानाही बादलीत तोंड घालून ओकायचास, आणि तरी मी वाट बघत होते की एक दिवस ते स्वतःहून म्हणतील. वाईट वाटायचं. अजून वाटतं. रोज वाटतं.

ऑक्टोबरमध्ये एकदा गेलो होतो. दीपगृह मागे पडलं, यंत्र बंद झालं, मी पेटीपाशी वळले. होडी फिरते आहे, थांबते आहे, पुन्हा फिरते आहे. असं कधी होत नाही, ते सरळ जातात आणि थांबतात. बराच वेळ गेला. मग बाबा म्हणाले, "धुकं फार आहे." मी मान वर केली. आस्लाक, आकाश पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. चर्चचं छप्पर दिसत होतं, छपरावरची कौलं दिसत होती. मी म्हणाले, "हो, आहे जरा." आणि आम्ही तसेच परत आलो. त्यानंतर हिवाळाभर थोरलीवर धुकंच आहे. मोन्सकाका म्हणतात, "तुझा बाप हल्ली गर्विष्ठ झालाय, सरळ बघतच नाही माझ्याकडे, तिरका बघतो." तिरकं बघितलं तरच त्यांना थोडं दिसतं. नोव्हेंबरमध्ये मी त्यांना बर्गनला डॉक्टरांकडे नेलं होतं. तुझ्या घरापासून दोन रस्ते पलीकडे. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली होती. डॉक्टर म्हणाले, नजरेचा मध्यभाग गेलाय, कडा राहिल्या आहेत, आणि गेलं ते परत येत नाही. परतीच्या बोटीत बाबा एकच वाक्य बोलले, "डॉक्टर पोरसवदा होता." माझ्याशी ते अजून धुक्याबद्दलच बोलतात, आणि मीही.

परवा त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "सभेत खरी टाचणी टोचायची." मला वाटलं, आता म्हणतील. आणि ते म्हणाले, "आस्लाकला लिही. ईस्टरला ये म्हणावं. होडीत त्याला काही सांगायचं आहे." मी म्हणाले, "बाबा, तो कंपनीत आहे." "तुरुंगात असता तरी त्यालाच बोलावलं असतं. माझ्या बापाने मला दिली, मी माझ्या मुलाला देणार." "मग फोन करते." "फोन नको. असली गोष्ट फोनवर सांगत नाहीत." मी उठून धक्क्यावर गेले. दोन दिवस मी जातच होते धक्क्यावर. आज सकाळी त्यांनी कागद स्वतः आणून माझ्यापुढे ठेवला.

तर त्यांचा निरोप असा: ईस्टरला ये. होडीत तुला काही सांगायचं आहे. लिहिला. आता माझं ऐक. येऊ नकोस. त्यांना फोन कर, दुपारी जेवणानंतर, आणि सांग की तू येणार नाहीस, खूण तुला नको, ती ताईला द्या. ते फोन आपटतील. परत कर. परत आपटतील, परत कर. मी हे पत्र टपालपेटीत न टाकता "तो नाही म्हणाला" असं त्यांना सांगू शकले असते, त्यांना काय कळणार होतं? पण ते मला तुझ्या तोंडून त्यांच्या कानात जायला हवं आहे. तू होडीत बसलास तर तू त्यांचे डोळे होशील, कळस आणि दगड जुळवशील, गुरुवारी टाचणी टोचशील आणि थोरली वाचेल. ते मला कळतं. पण सगळं बेट म्हणेल, कंपनीच्या माणसाने कंपनीला जागा दाखवली. आणि ते नसतं तरी मी हेच लिहिलं असतं. मला टाचणी मोन्सकाकांच्या नाकासमोर स्वतःच्या हाताने टोचायची आहे. त्याआधी एकदा बाबांनी त्या पाण्यावर मला म्हणायला हवं आहे की योरून, वळ, इकडे बघ. तू नाही म्हणालास आणि त्यांनी तरीही मला दिली नाही, तर थोरली जाईल. तो धोका मी घेते आहे, आणि तो एकटीचा नाही हेही मला ठाऊक आहे. रागाव हवं तर. पण नाही म्हण.

बाबा आता टेबलापाशी येऊन उभे आहेत. कागदावर वाकले आहेत. त्यांचा श्वास माझ्या हातावर येतो आहे आणि माझं प्रत्येक अक्षर त्यांच्या नाकाखाली उमटतं आहे. "त्याला ये म्हणून लिहिलंस ना?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते सगळं लिहिलं." म्हणाले, "आण पेन, मी सही करतो. नाहीतर त्याला वाटेल तूच बोलावते आहेस." मी त्यांचं बोट धरून कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवते आहे. वाकडी येईल, माझ्या ओळींवर चढेलही. ती सही ते तू यावास म्हणून करताहेत, एवढं तुला माहीत असू दे.

तुझीच ताई,
योरून

इंगेब्रिक्ट